चंद्रकोरी, वण आणि बावीस गुच्छ : आईंचा बायॉप्सी अहवाल कसा वाचावा

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे. दहा वर्षांपासून तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी प्रकृती चांगली होती. गेले तीन महिने तिला थकवा, सांधेदुखी आणि अधूनमधून ताप येत होता, वजनही उतरले. सहा आठवड्यांपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे रक्तातले टाकाऊ द्रव्य) १.३ होते, आता ते २.९ आहे आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळते याचा अंदाज) १८ आहे. लघवीत रक्तपेशी व प्रथिने आहेत, एमपीओ-अँका ही चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. मूत्रपिंडाच्या बायॉप्सीच्या अहवालात लिहिले आहे की एकूण २२ ग्लोमेरुलस दिसले. त्यांपैकी ५ पूर्णपणे स्क्लेरोज्ड, ९ मध्ये क्रेसेंट (६ सेल्युलर, ३ फायब्रोसेल्युलर), या ९ पैकी ४ मध्ये फायब्रिनॉइड नेक्रोसिस, उरलेले ८ सामान्य. इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर अॅट्रॉफी सुमारे २० टक्के. निदान 'पॉसी-इम्यून क्रेसेंटिक ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, मिश्र वर्ग' असे आहे. माझे मामा म्हणतात की २२ पैकी १४ गेले, म्हणजे मूत्रपिंडे ६४ टक्के निकामी झाली, आता औषधांचा त्रास आईला कशाला द्यायचा? शिवाय 'पॉसी-इम्यून' म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, असे आम्हाला वाटते. मग प्रतिकारशक्ती आणखी दाबणारी औषधे का? आईची लघवी नेहमीसारखी होते, कंबरेत दुखतही नाही, तर आजार खरोखर इतका मोठा आहे का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत येईपर्यंत उपचार थांबवले तर चालतील का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आठवडाभराने मिळाली तरी चालण्यासारखी आहेत आणि याचे नाही. दुसरे मत जरूर घ्या, पण त्यासाठी उपचार थांबवू नका. बायॉप्सीत काढलेला ऊतीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि त्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला पुढच्या आठवड्यात दाखवल्या काय किंवा पाच वर्षांनी दाखवल्या काय, त्यांत दिसणारे चित्र तेच राहणार आहे. आईंच्या शरीरातले चित्र मात्र रोज बदलते आहे. सहा आठवड्यांत १.३ वरून २.९ वर गेलेले क्रिएटिनिन हाच त्याचा पुरावा आहे. स्टेरॉइड सुरू केल्याने काचपट्टीवरचे निदान पुसले जात नाही. त्यामुळे काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी जाऊ द्या आणि औषध इकडे सुरू होऊ द्या.

आता अहवाल. मी स्वतः मूत्रपिंडाच्या बायॉप्सी वाचणारी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि एक गोष्ट कबूल करायला हवी की आमचे अहवाल आम्ही एकमेकांसाठी लिहितो. घरच्या माणसाच्या हाती तो कागद पडला तर त्यातले आकडे त्याला घाबरवतात किंवा फसवतात. तुमच्या मामांची बेरीज गणित म्हणून बरोबर आहे, पण त्यांनी तीन वेगळ्या जातींच्या वस्तू एका राशीत घातल्या आहेत. या अहवालात ओल्या जखमा आहेत आणि जुने वणही आहेत. ओली जखम भरून येऊ शकते, वण पुसला जात नाही. अहवालातल्या प्रत्येक ओळीला 'ही जखम की वण' एवढे विचारले की अर्धे कोडे सुटते.

ग्लोमेरुलस म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख गुच्छ असतात. कुणात याच्या निम्म्याहून कमी, कुणात दुपटीच्या आसपास. रक्त या गुच्छातून वाहताना त्यातले पाणी व टाकाऊ द्रव्ये गाळली जातात आणि तो गाळलेला द्रव गुच्छाभोवतीच्या पातळ पिशवीत, बोमन कॅप्सूलमध्ये, उतरून पुढे नलिकेत जातो. साऱ्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांना दाह झाला की मूत्रपिंड पुष्कळदा त्याच्या तावडीत सापडते, त्याचे कारण इथेच आहे : हा अवयव जवळजवळ बारीक रक्तवाहिन्यांचाच बनलेला आहे. त्वचेवर त्याच दाहाचे लाल ठिपके उठतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो, मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बिघडल्या की पाय लुळा पडतो. मूत्रपिंडात गुच्छ फुटतात.

ते कसे फुटतात हे थोडे सविस्तर सांगते, कारण अहवालातले निम्मे शब्द त्यातच आहेत. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी एमपीओ आणि पीआर३ ही द्रव्ये पोटात बाळगून असतात. काही माणसांचे शरीर नेमक्या याच द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते; त्या प्रतिपिंडांना अँका म्हणतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशा मूत्रपिंडविकाराच्या काही रुग्णांत ती प्रथम नोंदवली आणि १९८५ नंतर त्यांचा रक्तवाहिन्यांच्या दाहाशी, म्हणजे व्हॅस्क्युलायटिसशी, असलेला संबंध जगभर मान्य होत गेला. ही प्रतिपिंडे न्यूट्रोफिलला चिकटली की ती पेशी जंतू नसतानाच चवताळते, गुच्छाच्या भिंतीला चिकटते आणि आपले शस्त्र तिथेच रिकामे करते. रक्तातल्या काँप्लिमेंट या प्रथिनसाखळीतला सी५ए नावाचा तुकडा आणखी न्यूट्रोफिल बोलावून घेतो आणि प्रकरण वाढत जाते.

भिंत जळून त्या जागी फायब्रिनचा लालभडक लगदा साचतो, हे फायब्रिनॉइड नेक्रोसिस. भिंतीचा आधारपडदा तुटला की रक्त आणि फायब्रिन भोवतीच्या पिशवीत सांडते. पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्या सांडलेल्या फायब्रिनमुळे भराभर वाढू लागतात, बाहेरून मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येऊन मिळतात आणि पिशवीच्या एका बाजूला पेशींचा जाड थर साचून आतल्या गुच्छाला दाबत जातो. काचपट्टीवर हा थर चंद्रकोरीसारखा दिसतो, म्हणून त्याचे नाव क्रेसेंट. ही चंद्रकोर गाठ नाही आणि कर्करोगाशी तिचा काही संबंध नाही.

चंद्रकोरीचे वय असते आणि ते काचपट्टीवर ओळखता येते. नव्या चंद्रकोरीत जवळजवळ सगळ्या पेशीच असतात, ती सेल्युलर. काही आठवड्यांत तिच्यात कोलॅजनचे तंतू शिरू लागतात आणि ती फायब्रोसेल्युलर होते. शेवटी पेशी जातात, तंतू राहतात; ती फायब्रस चंद्रकोर म्हणजे वण. तुमच्या अहवालात ६ पहिल्या अवस्थेत आहेत, ३ मधल्या अवस्थेत आणि शेवटच्या अवस्थेतली एकही नाही. एका अर्थी ही चांगली बातमी आहे, पण ती टिकाऊ नाही. आज ज्या ९ चंद्रकोरी बव्हंशी ओल्या आहेत त्या उपचारांशिवाय महिन्या-दोन महिन्यांत सुकतील आणि मग मामांचे गणित खरे ठरेल. 'कशाला द्यायचा त्रास' या त्यांच्या प्रश्नाला त्यांनीच मोजलेल्या १४ मधल्या या ९ चंद्रकोरींचे उत्तर आहे.

उरले ५ स्क्लेरोज्ड गुच्छ. हे वठलेले गुच्छ आहेत, त्यांत रक्त फिरत नाही आणि ते परत येणार नाहीत. पण ते सगळे याच आजाराने वठले असे मानायचे कारण नाही. वय वाढते तसे प्रत्येकाचेच काही गुच्छ वठत जातात. त्यासाठी आमच्यात एक जुना ठोकताळा आहे : वयाच्या निम्म्यातून दहा वजा करावेत, त्या वयाला साधारण तितक्या टक्क्यांपर्यंत वठलेले गुच्छ नवलाचे नाहीत. आईंच्या ६१ वर्षांसाठी तो आकडा २० टक्क्यांच्या आसपास येतो आणि त्यांचे ५ म्हणजे २३ टक्के. त्यात दहा वर्षांचा रक्तदाब धरला तर या पाचांपैकी बहुतेकांचा दोष वयाकडे आणि रक्तदाबाकडे जाण्याचाही संभव आहे. वय आणि रक्तदाबाची नोंद पॅथॉलॉजिस्टच्या हातात असणे किती आवश्यक आहे हे यावरून कळावे. दुसऱ्या मतासाठी काचपट्ट्या पाठवाल तेव्हा ही माहिती, जुने क्रिएटिनिनचे आकडे आणि अँकाचा अहवाल त्यांच्यासोबत द्या. नुसत्या काचा पाठवू नका.

आता त्या ओळीकडे वळते जी तुम्ही पत्रात लिहिली खरी, पण जिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही : इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर अॅट्रॉफी २० टक्के. सगळ्यांचे डोळे चंद्रकोरींवर खिळतात, कारण त्या नाट्यमय दिसतात. मी मात्र नव्या बायॉप्सीत चंद्रकोरी मोजून झाल्यावर सर्वाधिक वेळ या ओळीवर घालवते, कारण मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचा फार मोठा भाग गुच्छांनी नव्हे, नलिकांनी भरलेला असतो आणि मूत्रपिंडाचे दूरचे भवितव्य तिथे लिहिलेले असते. गुच्छातून बाहेर पडणारे रक्तच पुढे जाऊन नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांत खेळते. म्हणून गुच्छ बुजला की त्याच्या मागची नलिका उपाशी राहते, आक्रसते आणि तिच्या भोवती तंतू भरतात. हा वण आहे. त्याचे प्रमाण २० टक्के म्हणजे सौम्य मानले जाते, आणि तेही वय व रक्तदाब यांत वाटून घ्यावे लागेल. हीच ओळ ६० टक्के असती तर ८ गुच्छ सामान्य असूनही माझ्या उत्तराचा सूर वेगळा राहिला असता.

या २० टक्क्यांमुळे आणखी एक कोडे सुटते. वण इतके कमी असतील तर ईजीएफआर १८ पर्यंत का घसरला? कारण ओल्या जखमाही काम बंद पाडतात. चंद्रकोरीखाली दबलेला गुच्छ गाळत नाही. नलिकांत रक्तपेशींचे साचे अडकून बसतात. नलिकांमधल्या जागेत दाहक पेशी आणि सूज असते. नलिकांच्या पेशींनाही तात्पुरती इजा होते. वण थोडे आणि काम फार कमी, अशी तफावत दिसली की त्या मधल्या अंतराला आम्ही परत मिळवण्याजोगा भाग समजतो. तो सगळा परत मिळेल असे वचन कुणी देऊ शकत नाही, पण लढायचे ते त्या अंतरासाठी. उलट ज्या रुग्णाचे काम कमी आहे आणि वणही तितकेच जास्त आहेत, तिथे औषधांच्या जोखमीचा हिशेब खरोखर निराळा करावा लागतो; मामांची शंका त्या रुग्णाच्या बाबतीत योग्य ठरली असती.

'मिश्र वर्ग' या शब्दाने तुम्ही धास्तावला असाल. २०१० मध्ये अँका-संबंधित मूत्रपिंडदाहाच्या बायॉप्सींचे चार वर्ग ठरवले गेले. निम्मे किंवा अधिक गुच्छ पूर्ण वठलेले असतील तर स्क्लेरोटिक, निम्मे किंवा अधिक सामान्य असतील तर फोकल, निम्म्या किंवा अधिक गुच्छांत पेशीमय चंद्रकोरी असतील तर क्रेसेंटिक, आणि यांपैकी काहीच निम्म्यापर्यंत पोहोचत नसेल तर मिश्र. आईंचे सामान्य गुच्छ ३६ टक्के, चंद्रकोरी ४१ टक्के, वठलेले २३ टक्के; म्हणून मिश्र. हा वर्ग असा उरलेल्यांचा आहे आणि त्यातले दोन रुग्ण एकमेकांहून फार भिन्न असू शकतात. ज्या १०० रुग्णांवर हे वर्गीकरण प्रथम तपासले गेले त्यांत पाच वर्षांनी मूत्रपिंड टिकून राहिलेल्यांचे प्रमाण फोकल वर्गात ९३ टक्के, क्रेसेंटिकमध्ये ७६, मिश्रमध्ये ६१ आणि स्क्लेरोटिकमध्ये ५० टक्के होते. म्हणजे ज्या वर्गात सर्वाधिक ओल्या जखमा असतात तो क्रेसेंटिक वर्ग मिश्र आणि स्क्लेरोटिक या दोघांपेक्षा बरा ठरला. जखम आणि वण यांतला फरक दाखवायला याहून बोलका आकडा मला माहीत नाही. नंतरच्या काही अभ्यासांत क्रेसेंटिक आणि मिश्र यांच्यातले अंतर इतके स्पष्ट राहिले नाही, म्हणून ६१ हा आकडा आईंच्या कपाळावर लिहिल्यासारखा धरू नका.

२०१८ मध्ये याहून साधी एक गुणपद्धती पुढे आली. तिच्यात फक्त तीन गोष्टी विचारल्या जातात : सामान्य गुच्छ २५ टक्क्यांहून अधिक आहेत का, नलिकांचा आक्रस आणि फायब्रोसिस २५ टक्क्यांच्या आत आहे का, आणि निदानाच्या वेळी ईजीएफआर १५ च्या वर आहे का. आईंच्या बाबतीत तिन्ही उत्तरे 'हो' आहेत आणि त्यांचा धोकागुण शून्य येतो, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा गट. एकच काचपट्टी एका मोजपट्टीवर चिंताजनक आणि दुसऱ्या मोजपट्टीवर आश्वासक दिसते, कारण एक मोजपट्टी केवळ गुच्छ पाहते आणि दुसरी नलिका व मूत्रपिंडाचे चालू कामही पाहते. माझा कल या दुसऱ्या मोजपट्टीकडे आहे. तरी ईजीएफआर १५ पासून १८ फार लांब नाही. दहा दिवसांच्या दिरंगाईत ती रेषा ओलांडली जाऊ शकते. शिवाय हा गुण पुढे मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याच्या शक्यतेपुरता आहे. फुप्फुसांचे किंवा औषधांच्या संसर्गजोखमीचे तो काही सांगत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. वीस लाखांपैकी २२ गुच्छ पाहून आम्ही बोलतो आहोत. वर्ग ठरवायला किमान १० गुच्छ हवेत असा संकेत आहे, त्या हिशेबाने २२ चांगलेच आहेत. पण हा दाह ठिगळाठिगळाने पसरतो. सुई दोन मिलिमीटर बाजूला गेली असती तर ९ ऐवजी ७ किंवा ११ चंद्रकोरी दिसल्या असत्या. म्हणून एका-दोन टक्क्यांच्या फरकावर रात्री जागवू नका.

'पॉसी-इम्यून'बद्दल तुमचा समज चुकला, पण तो अगदी स्वाभाविक आहे आणि दोष आमच्या परिभाषेचा आहे. लॅटिनमध्ये या पदाच्या पहिल्या भागाचा अर्थ 'थोडे' असा होतो. इथे थोडे आहे ते आईंच्या अंगातले बळ किंवा प्रतिकारशक्ती नव्हे. ऊतीवर साचलेली प्रतिपिंडे थोडी आहेत. बायॉप्सीचा एक तुकडा आम्ही चमकणाऱ्या रंगद्रव्यांनी तपासतो, त्याला इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. गुच्छाच्या पडद्याविरुद्धच प्रतिपिंडे असतील तर पडद्यावर सलग, रेघ ओढल्यासारखी चमक दिसते. ल्युपस किंवा आयजीए व्हॅस्क्युलायटिससारख्या आजारांत कणाकणांनी साचलेली चमक दिसते. अँका-संबंधित आजारात नुकसान न्यूट्रोफिल येऊन करतात आणि निघून जातात, प्रतिपिंडांचे थर मागे ठेवत नाहीत, म्हणून पडदा जवळजवळ काळोखा राहतो. प्रतिकारयंत्रणा मात्र अतिरेकी वागते आहे आणि तिला आवरण्यासाठीच औषधे आहेत.

हा काळोख निदानाच्या दृष्टीने मोलाचा असतो. चंद्रकोरी वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांत सारख्याच दिसू शकतात. चमकेवरूनच त्यांची ताटातूट होते. विशेषतः सलग रेघेचा आजार आणि अँका काही रुग्णांत एकत्र आढळतात आणि त्यांच्या उपचारांत रक्तद्रव बदलणे (रक्तातला द्रव भाग काढून त्या जागी दुसरा भरणे) अत्यावश्यक ठरते, म्हणून ती रेघ नाही हे नोंदलेले आहे ना, एवढे अहवालात पाहून घ्या. मध्यम आकाराच्या धमन्यांचा दाह असलेल्या पॉलिआर्टरायटिस नोडोसामध्ये तर गुच्छांचा दाह नसतोच. तिथे धमनी बंद पडून मूत्रपिंडाचे तुकडे रक्ताविना मरतात आणि धमन्यांवर लहान फुगे येतात. 'रक्तवाहिन्यांचा दाह' या एका नावाखाली इतके निरनिराळे आजार आहेत की शेजारच्या कुणाला 'हाच' आजार झाला होता आणि त्याचे काय झाले, या कथांचा आईंना उपयोग नाही.

लघवी नेहमीसारखी आणि कंबर दुखत नाही, याने फसू नका. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याला वेदना कळत नाही; दुखते ते वरचे आवरण ताणले गेले की, आणि हा दाह ते सहसा ताणत नाही. लघवीचे प्रमाणही बरेच दिवस टिकते, कारण उरलेले गुच्छ पाणी काढत राहतात. जे साचते ते क्रिएटिनिन आणि इतर टाकाऊ द्रव्ये. लघवीतले रक्त बहुधा डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते, आणि गुच्छाच्या फाटीतून दबून आल्यामुळे त्या रक्तपेशी वेड्यावाकड्या झालेल्या असतात. आजाराचा हा गुपचूप स्वभावच त्याला धोकादायक बनवतो.

औषधांची निवड तुमच्या डॉक्टरांनी करायची आहे. कोणते औषध ऊतीत काय करते तेवढे मी सांगते. शिरेतून दिलेले स्टेरॉइड चंद्रकोर आणि नेक्रोसिस पेटते ठेवणाऱ्या पेशींना काही दिवसांत शांत करते. रिटुक्सिमॅब प्रतिपिंडे बनवणाऱ्या वंशातल्या बी-पेशी हटवते. त्याचा परिणाम हळू येतो, म्हणून सुरुवातीचा काळ स्टेरॉइडने सांभाळून घ्यायचा असतो. सायक्लोफॉस्फमाइड हा जुना आणि अजूनही उपयोगी पर्याय आहे. स्टेरॉइडची भीती रास्त आहे, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७०४ रुग्णांच्या पेक्सिव्हास चाचणीत कमी मात्रेचा स्टेरॉइडक्रम नेहमीच्या मात्रेइतकाच परिणामकारक ठरला आणि गंभीर संसर्ग कमी झाले. तेव्हा 'मात्रा कोणत्या वेगाने उतरवणार' हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. त्याच चाचणीत रक्तद्रव बदलल्याने मृत्यू किंवा मूत्रपिंड निकामी होणे यांच्या एकत्रित प्रमाणात फरक पडला नाही. आता तो उपाय क्रिएटिनिन ३.४ च्या वर असलेल्या किंवा झपाट्याने बिघडणाऱ्या रुग्णांत विचारात घेतला जातो. मघाशी सांगितलेल्या सी५ए तुकड्याचा मार्ग अडवणारे अवाकोपान हे औषधही २०२१ पासून वापरात आले आहे. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी ची चाचणी झाली आहे का आणि न्युमोसिस्टिस या फुप्फुससंसर्गापासून संरक्षणासाठी को-ट्रायमॉक्साझोल किंवा दुसरे काही चालू होणार आहे का, हे दोन प्रश्न मात्र जरूर विचारा. संसर्ग हा या उपचारांतला सर्वांत मोठा शत्रू आहे आणि पहिल्या वर्षात आजाराइतकाच त्याचा धाक ठेवावा लागतो.

पुढच्या काही महिन्यांत क्रिएटिनिन १.३ वर परतलेच पाहिजे असा हट्ट धरू नका. काही चंद्रकोरी निवळतील, काही वण होऊन राहतील, आणि नवा गुच्छ शरीर कधीच तयार करत नाही. क्रिएटिनिन १.७ वा १.९ वर येऊन स्थिरावले तर तो आकडा अपयशाचा समजू नये. लघवीत थोडी प्रथिने अनेक महिने उरतील. ती पुष्कळदा वणांतून झिरपतात आणि त्यावर रक्तदाबाची योग्य औषधे हाच उपाय असतो. लघवीतले रक्त थांबून पुन्हा दिसू लागले आणि त्याबरोबर क्रिएटिनिन चढू लागले तर दाह परतल्याची शंका घ्यावी. एमपीओ प्रकारात उलटण्याचे प्रमाण पीआर३ प्रकारापेक्षा कमी असते, पण शून्य नसते. अँकाचा आकडा एकटा वाढला, बाकी सगळे शांत असले, तर तेवढ्यावरून औषधे वाढवायची नसतात. लक्ष ठेवायचे असते. दुसरी बायॉप्सी ठरावीक मुदतीने करायची नसते. क्रिएटिनिन चढते आहे आणि ते जखमेमुळे की वणामुळे हे लघवी व रक्तावरून कळत नाही, अशा वेळी मात्र ती फार उपयोगी पडते, कारण पहिल्या प्रसंगी औषध वाढवायचे असते आणि दुसऱ्या प्रसंगी आईंना निष्कारण त्या औषधांतून वाचवायचे असते. त्या वेळी तुलनेसाठी आजच्या काचपट्ट्या लागतील. त्या दुसऱ्या मतासाठी पाठवल्या तर परत मागून घ्या आणि अहवालाची प्रत तुमच्याजवळ ठेवा.

मामांना हे पत्र वाचून दाखवा, आणि आईंनाही. निर्णय त्यांच्या शरीराबद्दलचा आहे आणि ६१ वर्षांच्या बाईला आपल्या अहवालातले ८, ९ आणि ५ समजतात. उपचार सुरू होईपर्यंत आणि त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत खोकल्यातून रक्त पडले, दम लागू लागला, लघवी एकदम कमी झाली किंवा ताप चढला, तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच वेळी रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की यांना अँका-संबंधित व्हॅस्क्युलायटिस आहे.